लेसरने उत्तेजित केलेले अणू आणि इलेक्ट्रॉनचे परिवलन

इलेक्ट्रॉन आणि अणू यांच्या टकरीचा अभ्यास करण्याची एक अत्यंत काटेकोर प्रायोगिक रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. या रीतीत अणू लेसरच्या प्रकाशाने आधीच उत्तेजित करून ठेवले जातात. ज्यांच्या परिवलनाची दिशा ठाऊक आहे असे इलेक्ट्रॉन त्यांच्यावर सोडले जातात आणि टकरीनंतर कोणत्या कोनात किती इलेक्ट्रॉन विखुरले गेले ते मोजले जाते. परिवलन म्हणजे पाठ्यपुस्तकांतून ‘स्पिन’ या नावाने परिचित असलेला इलेक्ट्रॉनचा अंगभूत कोनीय संवेग. टकरीपूर्वीची अवस्था इतक्या नेमकेपणाने ठरवल्यामुळे एरवी सरासरीत विरून जाणारी माहिती या प्रयोगांतून सुटी होऊन हाती येते. पुंजयामिकी एखाद्या टकरीविषयी जे जे सांगू शकते ते सर्व प्रत्यक्ष मोजता येईल काय, हा या संशोधनामागचा मूळ प्रश्न आहे.

सरासरीआड दडलेली माहिती

अणूंवर इलेक्ट्रॉन आदळवून त्यांची रचना समजून घेण्याची परंपरा जुनी आहे. जेम्स फ्रांक आणि गुस्टाफ हर्ट्झ यांनी १९१४ मध्ये पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन पाठवले, तेव्हा ते ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढ्या ठरावीक हप्त्यांनीच ऊर्जा गमावतात असे आढळले. अणूतील ऊर्जेच्या पातळ्या सलग नसून पायऱ्यांसारख्या असतात, याचा तो थेट पुरावा होता. त्यानंतरच्या अर्धशतकात अशा टकरींचे ‘काटछेद’, म्हणजे विशिष्ट टक्कर घडण्याच्या शक्यतेचे माप, असंख्य अणूंसाठी मोजले गेले.

परंतु या बहुतेक मोजमापांत एक उणीव होती. शलाकेतील निम्म्या इलेक्ट्रॉनांचे परिवलन एका दिशेने, तर निम्म्यांचे विरुद्ध दिशेने असे. लक्ष्य असलेल्या अणूंचे परिवलनही असेच संमिश्र असे. टकरीनंतर अणूतील इलेक्ट्रॉन-मेघ कोणत्या बाजूला फिरू लागला, याचीही नोंद होत नसे. मोजलेला आकडा अशा अनेक निरनिराळ्या टकरींची सरासरी असे. दोन सिद्धांत मुळात परस्परविरोधी असले, तरी त्यांची सरासरी योगायोगाने जुळू शकते. मग त्यांपैकी कोणता खरा, हे प्रयोग सांगू शकत नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठातील बेंजामिन बेडरसन यांनी १९६९ मध्ये ‘परिपूर्ण’ प्रकीर्णन प्रयोगाची कल्पना मांडली. टकरीपूर्वीच्या आणि नंतरच्या सर्व पुंज अवस्था निश्चित करणारा प्रयोग, असा त्या कल्पनेचा आशय होता. लेसर आणि परिवलन-ध्रुवित इलेक्ट्रॉन ही दोन साधने जुळून आली, तेव्हा ही कल्पना प्रयोगशाळेच्या आवाक्यात येऊ लागली.

परिवलनाचा प्रभाव कोठून येतो

ओटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी फ्रांकफुर्ट येथे १९२२ मध्ये चांदीच्या अणूंची शलाका असमान चुंबकीय क्षेत्रातून पाठवली आणि ती दोन भागांत विभागलेली पाहिली. त्यामागचे कारण असलेली परिवलनाची संकल्पना जॉर्ज उहलेनबेक आणि सॅम्युएल गूडस्मिट यांनी १९२५ मध्ये मांडली. मोजमापासाठी निवडलेल्या अक्षावर इलेक्ट्रॉनच्या परिवलनाची दोनच मूल्ये मिळतात. सोयीसाठी त्यांना ‘वर’ आणि ‘खाली’ म्हटले जाते.

टकरीवर परिवलनाचा प्रभाव दोन वाटांनी पडतो. पहिली वाट परिवलन-कक्षा युग्मनाची. अणुकेंद्राजवळच्या तीव्र विद्युत क्षेत्रातून वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला ते क्षेत्र अंशतः चुंबकीय भासते आणि त्याच्या परिवलनावर, पर्यायाने त्याच्या मार्गावर, त्याचा परिणाम होतो. परिवलन ‘वर’ असलेले इलेक्ट्रॉन डावीकडे अधिक आणि ‘खाली’ असलेले उजवीकडे अधिक, अशी विषमता त्यातून निर्माण होते. नेव्हिल मॉट यांनी १९२९ मध्ये हे भाकीत केले आणि १९४३ मध्ये शल, चेस व मायर्स यांच्या प्रयोगाने त्याला पुष्टी मिळाली. सोन्याच्या पातळ पत्र्यावरून वेगवान इलेक्ट्रॉन विखुरून त्यांचे ध्रुवण मोजणारे ‘मॉट शोधक’ याच तत्त्वावर चालतात. अणुकेंद्राचा भार जितका मोठा, तितका हा परिणाम प्रबळ. पारा, सोने, सिझियम अशा जड अणूंत तो ठळक असतो, तर सोडियम किंवा लिथियमसारख्या हलक्या अणूंत जवळजवळ नगण्य असतो.

दुसरी वाट विनिमयाची. सारे इलेक्ट्रॉन एकसारखे असतात. त्यामुळे टकरीनंतर बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन हा आत गेलेलाच की अणूतून सुटलेला, हे ओळखण्याचे कोणतेही साधन निसर्गाने ठेवलेले नाही. पाउली यांच्या नियमानुसार दोन इलेक्ट्रॉनांची एकत्रित अवस्था विशिष्ट सममितीचीच असावी लागते. सोडियमसारख्या अणूत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. त्याचे आणि येणाऱ्या इलेक्ट्रॉनचे परिवलन मिळून एक ‘एकक’ अवस्था किंवा तीन ‘त्रिक’ अवस्था तयार होऊ शकतात. त्रिक अवस्थेत दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच जागी असण्याची शक्यता शून्य होते, म्हणून ते एकमेकांना टाळतात. एकक अवस्थेत ही बंदी नसते. दोन इलेक्ट्रॉनांमधील विद्युत प्रतिकर्षणाचे सूत्र दोन्ही अवस्थांत तेच असते, तरीही टकरीचे फलित वेगळे येते. येथे परिवलनावर थेट कार्य करणारे कोणतेही बल नाही. परिवलन केवळ अवस्थेची सममिती ठरवते आणि ती सममिती इलेक्ट्रॉनांची हालचाल ठरवते.

ध्रुवण नसलेल्या शलाका वापरल्या तर एक चतुर्थांश टकरी एकक आणि तीन चतुर्थांश त्रिक प्रकारच्या होतात व मिळणारा काटछेद याच प्रमाणातली सरासरी असतो. दोन्ही परिवलने समांतर असतील तर टक्कर संपूर्णपणे त्रिक असते. ती विरुद्ध असतील तर निम्मी एकक आणि निम्मी त्रिक असते. या दोन स्थितींतील मोजणीच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की ‘विनिमय विषमता’ मिळते. केवळ एकक टकरीच घडत असतील तर तिचे मूल्य अधिक १, आणि केवळ त्रिक टकरी घडत असतील तर उणे एक तृतीयांश.

सोडियम आणि पिवळा प्रकाश

गॅसच्या ज्योतीत मिठाचा कण पडला की क्षणभर पिवळा झोत उठतो. तो सोडियमच्या अणूंचा प्रकाश असतो. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन लगतच्या रेषांचा तो बनलेला आहे. बाहेरचा इलेक्ट्रॉन उत्तेजित ३पी पातळीवरून मूळच्या ३एस पातळीवर उतरताना सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा प्रकाशरूपाने देतो. पातळीच्या दुभंगलेल्या सूक्ष्म संरचनेमुळे रेषा दोन दिसतात. या दोन उपपातळ्यांमधील अंतर अवघे ०.००२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. नेहमीच्या इलेक्ट्रॉन शलाकेतील ऊर्जेचा विस्तारच याहून पुष्कळ मोठा असल्याने केवळ इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेवरून या उपपातळ्या वेगळ्या करता येत नाहीत. लेसरला मात्र ते सहज साधते.

रोडामाइन ६जी या रंगद्रव्यावर चालणारे लेसर नेमक्या याच पिवळ्या पट्ट्यात प्रकाश देतात आणि त्यांची तरंगलांबी हवी तशी जुळवता येते. सोडियमची निवड प्रामुख्याने याच सोयीतून झाली. भट्टीतून निघणारी सोडियम अणूंची अरुंद शलाका लेसर काटकोनात छेदतो. त्यामुळे अणूंच्या गतीमुळे होणारा तरंगलांबीतील फरक अगदी कमी राहतो आणि एकच अतिसूक्ष्म पातळी निवडता येते.

लेसरचा प्रकाश वर्तुळी ध्रुवित असेल तर प्रत्येक फोटॉन ठरावीक दिशेचा एक एकक कोनीय संवेग घेऊन येतो. अणू फोटॉन शोषतो, सुमारे १६ नॅनोसेकंदांत प्रकाश सोडून खाली येतो आणि पुन्हा शोषतो. अशा अनेक फेऱ्यांनंतर तो टोकाच्या अशा एका अवस्थेत पोहोचतो, जेथून लेसर त्याला एकाच ठरावीक उत्तेजित अवस्थेत नेऊ शकतो. प्रकाशाने अणूंना अशा प्रकारे एका अवस्थेत गोळा करण्याच्या या तंत्राचा पाया आल्फ्रेड कास्टलर यांनी घातला होता. त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या टोकाच्या उत्तेजित अवस्थेत अणुकेंद्राचे परिवलन, बाहेरच्या इलेक्ट्रॉनची कक्षीय गती आणि त्याचे परिवलन ही तिन्ही एकाच दिशेला असतात. इलेक्ट्रॉन-मेघ लेसरच्या दिशेभोवती कड्यासारखा पसरलेला आणि एका ठरावीक बाजूला फिरणारा असतो. प्रकाशाचे ध्रुवण उलटे केले की तिन्ही दिशा एकदम उलटतात. अणूची कक्षा आणि परिवलन दोन्ही प्रयोगकर्त्याच्या हातात येतात, ती याच ठिकाणी.

उलट्या क्रमाने पाहिलेली टक्कर

उत्तेजित अणूवर आदळलेला इलेक्ट्रॉन अणूला मूळ पातळीवर आणून त्याची ऊर्जा स्वतः घेऊन जाऊ शकतो. अशा टकरीला अतिस्थितिस्थापक टक्कर म्हणतात. उदाहरणार्थ, १० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन १२.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेऊन बाहेर पडतो. वाढलेली ऊर्जा हीच त्याची खूण असते. शलाकेतील उत्तेजित नसलेल्या अणूंवरून विखुरलेले इलेक्ट्रॉन ऊर्जा-विश्लेषकाने बाजूला काढता येतात. प्रखर लेसर असतानाही कोणत्याही क्षणी निम्म्याहून अधिक अणू उत्तेजित राहू शकत नसल्यामुळे ही सोय महत्त्वाची ठरते.

ही टक्कर म्हणजे नेहमीच्या उत्तेजक टकरीचे कालक्रमाने उलटे रूप आहे. मूलभूत नियम काळाची दिशा उलटल्यावरही तेच राहतात. म्हणून उत्तेजित अवस्थेकडून मूळ अवस्थेकडे येणारी टक्कर मोजली की मूळ अवस्थेकडून उत्तेजित अवस्थेकडे जाणाऱ्या टकरीची माहिती आपोआप मिळते. हीच माहिती सरळ क्रमाने मिळवायची तर विखुरलेला इलेक्ट्रॉन आणि अणूने नंतर सोडलेला फोटॉन दोन्ही एकाच वेळी पकडावे लागतात. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात क्लाइनपॉपेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी हे साधले. पण अशा जोड्या विरळा सापडतात आणि मोजणीला फार वेळ लागतो. उलट्या पद्धतीत फोटॉनची अवस्था लेसरनेच आधी ठरवलेली असल्यामुळे केवळ इलेक्ट्रॉन मोजणे पुरते. जर्मनीतील इंगोल्फ हर्टेल आणि त्यांचे सहकारी श्टोल यांनी १९७४ च्या सुमारास सोडियमवर ही पद्धत प्रस्थापित केली. मात्र त्यांच्या प्रयोगांत येणारे इलेक्ट्रॉन ध्रुवित नव्हते.

ध्रुवित इलेक्ट्रॉनांचा उगम

चांदीच्या अणूंप्रमाणे मोकळ्या इलेक्ट्रॉनांची शलाका चुंबकाने परिवलनानुसार विभागता येत नाही. विद्युत भारामुळे येणारे विचलन आणि पुंजयामिकीची अनिश्चितता हा फरक झाकून टाकतात, हे नील्स बोर यांनी दाखवून दिले होते. त्यामुळे ध्रुवित इलेक्ट्रॉन मिळवण्यासाठी वेगळा मार्ग शोधावा लागला. तो गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकात सापडला.

या स्फटिकावर योग्य तरंगलांबीचा वर्तुळी ध्रुवित प्रकाश टाकला की आतील इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात चढतात आणि एका दिशेचे परिवलन असलेल्यांची संख्या दुसऱ्या दिशेच्या तिप्पट होते. म्हणजे ध्रुवणाची सैद्धांतिक मर्यादा ५० टक्के. पृष्ठभागावर सिझियम आणि ऑक्सिजन यांचा अतिशय पातळ थर दिला की हे इलेक्ट्रॉन निर्वातात सहज बाहेर पडतात. डॅनियल पीअर्स आणि फेलिक्स मायर यांनी १९७६ मध्ये या परिणामाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. या उगमाची प्रायोगिक दृष्ट्या सर्वात मोलाची सोय अशी की प्रकाशाचे ध्रुवण उलटले की इलेक्ट्रॉनांचे परिवलन उलटते. शलाकेची दिशा, तीव्रता किंवा ऊर्जा मात्र बदलत नाही. दोन मोजण्यांतील फरक परिवलनामुळेच आहे, अशी खात्री त्यामुळे देता येते.

चार मोजण्या

ही दोन्ही साधने एकत्र आणणारा प्रयोग अमेरिकेतील मेरिलंड राज्यात गेथर्सबर्ग येथील राष्ट्रीय मानक संस्थेत जेबेझ मॅक्लेलंड, मायकेल केली आणि रॉबर्ट सेलोटा यांनी केला. ध्रुवित इलेक्ट्रॉनांच्या सोडियमवरील अतिस्थितिस्थापक टकरींचे त्यांचे पहिले निष्कर्ष १९८५ मध्ये आणि विस्तृत अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाची मांडणी तत्त्वतः सरळ आहे. इलेक्ट्रॉन ज्या प्रतलात विखुरतात त्याला लंब दिशेने लेसर येतो. अणूंच्या दोन अवस्था शक्य असतात : कक्षा आणि परिवलन दोन्ही वर, किंवा दोन्ही खाली. इलेक्ट्रॉनांच्याही दोन अवस्था शक्य असतात. म्हणून प्रत्येक कोनात चार मोजण्या होतात. अणू ‘वर’ आणि इलेक्ट्रॉन ‘वर’ असताना त्रिक टक्कर होते आणि कक्षा एका बाजूची असते. अणू ‘वर’ आणि इलेक्ट्रॉन ‘खाली’ असताना कक्षा तीच, पण टक्कर निम्मी एकक आणि निम्मी त्रिक असते. पहिल्या मोजणीतून त्रिक भाग ठाऊक असल्याने दुसऱ्या मोजणीतून तो वजा करता येतो आणि एकक भाग सुटा होतो. अणू ‘खाली’ असताना याच दोन मोजण्या विरुद्ध बाजूच्या कक्षेसाठी पुन्हा होतात. शलाकांचे ध्रुवण शंभर टक्के नसल्यामुळे आकड्यांत दुरुस्ती करावी लागते, परंतु तत्त्व तेच राहते. चार मोजण्यांतून चार स्वतंत्र राशी मिळतात : एकक आणि त्रिक, प्रत्येकी दोन्ही बाजूंच्या कक्षांसाठी.

या राशींवरून दोन गोष्टी काढल्या जातात. पहिली, त्रिक आणि एकक काटछेदांचे गुणोत्तर. दुसरी, टकरीच्या प्रतलाला लंब दिशेने अणूला मिळणारा सरासरी कोनीय संवेग. तो उणे १ ते अधिक १ या मर्यादेत असतो आणि टकरीने इलेक्ट्रॉन-मेघाला कोणत्या बाजूला, किती निश्चितपणे फिरवले ते सांगतो. एकक आणि त्रिक टकरींसाठी या संवेगाची मूल्ये अनेक कोनांत एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी आढळली. बल तेच, ऊर्जा तीच, कोन तोच. बदलली केवळ परिवलनांची परस्पर मांडणी, आणि अणूचा मेघ फिरण्याची रीत बदलली. ध्रुवण नसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आधीच्या प्रयोगांत हा फरक सरासरीत मिसळून गेला होता.

सिद्धांताची कसोटी

सोडियमवरील टक्कर कागदावर सोपी दिसते. आतील दहा इलेक्ट्रॉन जवळजवळ स्थिर मानले तर अणुगाभा, बाहेरचा इलेक्ट्रॉन आणि येणारा इलेक्ट्रॉन एवढेच तीन घटक उरतात. तरीही हा प्रश्न अचूक सुटत नाही. टक्कर चालू असताना अणू अगणित पातळ्यांच्या मिश्रणात असतो आणि त्यांत इलेक्ट्रॉन अणूपासून पूर्ण सुटून जाण्याच्या शक्यताही येतात. मूर्स आणि नॉरक्रॉस यांनी १९७२ मध्ये काही थोड्या पातळ्या धरून केलेली गणिते कमी ऊर्जेला उपयुक्त होती. मध्यम ऊर्जेला मात्र इलेक्ट्रॉन सुटून जाण्याच्या शक्यता वगळणे परवडत नाही.

ऑस्ट्रेलियातील इगोर ब्रे आणि आंद्रिस स्टेलबोविक्स यांनी १९९२ मध्ये यावर तोडगा मांडला. अगणित पातळ्यांऐवजी मर्यादित संख्येच्या गणिती अवस्था घ्यायच्या आणि उत्तर बदलेनासे होईपर्यंत ती संख्या वाढवत न्यायची, असे त्याचे सूत्र होते. या ‘अभिसारी निकट-युग्मन’ पद्धतीचे सोडियमसाठीचे निष्कर्ष गेथर्सबर्गच्या परिवलननिहाय मोजमापांशी उल्लेखनीय रीतीने जुळले. या जुळणीचे वजन सरासरी काटछेद जुळण्यापेक्षा कितीतरी अधिक होते, कारण येथे एकक आणि त्रिक, दोन्ही भाग स्वतंत्रपणे बरोबर यावे लागत होते.

जड अणू आणि सूक्ष्म संरचना

सोडियमसारख्या हलक्या अणूत टकरीचा काळ फेमटोसेकंदाच्या घरातला असतो. सूक्ष्म संरचनेतील कक्षा आणि परिवलन यांना परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करायला त्याच्या हजारोपट काळ लागतो. म्हणून टकरीपुरते परिवलन अलिप्त मानता येते, हे गृहीतक पर्सिव्हल आणि सीटन यांनी १९५८ मध्ये मांडले होते. वर सांगितलेले सारे विश्लेषण त्यावर आधारलेले आहे.

मात्र यात एक सूक्ष्म वळण आहे. परिवलन-कक्षा बलाचा टकरीवर काहीही परिणाम नसतानाही, प्रयोगात एकच सूक्ष्म उपपातळी वेगळी काढली तर परिवलनाची विषमता दिसू शकते. त्या उपपातळीत कक्षा आणि परिवलन एकमेकांशी बांधलेले असतात. टकरीने कक्षेला एक दिशा दिली की विनिमयाच्या जोडीने ती परिवलनातही उमटते. म्यून्स्टर विद्यापीठातील हाने यांनी १९८३ मध्ये या ‘सूक्ष्म-संरचना परिणामा’चे सविस्तर विवेचन केले. त्यामुळे विषमता दिसली म्हणजे मॉट यांचा परिणामच असणार, असे मानता येत नाही.

सिझियम आणि पारा यांसारख्या अणूंत विनिमय, सूक्ष्म संरचना आणि परिवलन-कक्षा युग्मन ही तिन्ही एकत्र कार्य करतात. तेथे डिरॅक यांच्या सापेक्षीय समीकरणावर आधारलेली गणिते लागतात. या क्षेत्रात रुडकी येथील राजेश श्रीवास्तव यांनी कॅनडातील मॅकएक्रन आणि स्टॉफर यांच्यासमवेत केलेले कार्य हा भारतीय भौतिकीचा या विषयातील ठळक सहभाग आहे.

उपयोग आणि मर्यादा

प्रकाश देणारे विसर्जन-दिवे, वायू लेसर, ताऱ्यांची वातावरणे आणि संलयन-भट्ट्यांतील प्लाझ्मा या साऱ्यांत इलेक्ट्रॉन सतत अणूंवर आदळत असतात. यांतील अनेक अणू आधीच उत्तेजित असतात. अतिस्थितिस्थापक टकरी त्यांची ऊर्जा इलेक्ट्रॉनांना परत देतात आणि प्लाझ्माचा ऊर्जेचा ताळेबंद बदलतात. संलयन-यंत्रांच्या कडेच्या प्लाझ्माची घनता मोजण्यासाठी लिथियम अणूंची शलाका आत सोडून तिचा प्रकाश पाहिला जातो. त्याचा अर्थ लावण्यासाठी विश्वसनीय काटछेद हाताशी असावे लागतात. अशा ठिकाणी लागणारे बहुतेक आकडे गणितातूनच येतात, कारण प्रत्येक टक्कर मोजणे शक्य नसते. ते गणित विश्वसनीय आहे की नाही, याची सर्वांत कठोर परीक्षा परिवलननिहाय प्रयोग घेतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ज्यांची उत्तेजन-रेषा लेसरच्या सोयीच्या पट्ट्यात येते, अशा अणूंवरच ती सहज वापरता येते. सिद्धांतासाठी सर्वांत सोपा असलेला हायड्रोजन येथे सर्वांत अवघड ठरतो. त्याला मूळ पातळीवरून उत्तेजित करणारा प्रकाश १२१.६ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिदूरच्या जंबुपार पट्ट्यातला असतो आणि तेथे सोयीचे अखंड लेसर मिळत नाहीत.

दुसरी मर्यादा बेडरसन यांच्या मूळ प्रश्नाशी निगडित आहे. हलक्या अणूच्या एस ते पी संक्रमणाचे प्रत्येक ऊर्जा आणि कोनासाठी संपूर्ण वर्णन करण्यास सात संख्या पुरतात : चार तीव्रता आणि तीन सापेक्ष कला. वर वर्णिलेल्या चार मोजण्या तीव्रता देतात. लेसरचा प्रकाश रेषीय ध्रुवित केला की कलांविषयीही माहिती मिळते. परंतु एकक आणि त्रिक यांच्यातील सापेक्ष कला हवी असेल तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनचे परिवलनही मोजावे लागते. मॉट शोधकात पाठवलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी फारच थोडे मोजणीत येत असल्यामुळे हे काम अत्यंत संथ आणि कष्टाचे ठरते. परिपूर्ण प्रयोगाच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा म्हणून तो ओळखला जातो.